गवती चहाला विळा हवा

परसदार असलेल्या मराठी घरात, मग ते कोकणातलं असो की देशावरचं, मोरीचं पाणी जिथे जातं त्या कडेला अळू आणि गवती चहा बहुतेक असतोच. पहिला पाऊस झाला, हवेत गारवा आला की कुणीतरी दोन-चार पाती ओढून आणतं आणि आल्याच्या तुकड्याबरोबर चहात टाकतं. त्यानंतर सबंध हिवाळा आणि उन्हाळा त्या ठोंबाकडे कुणी फिरकत नाही. मार्चपर्यंत तो कमरेएवढा वाढून आडवातिडवा पसरतो. बाहेरच्या बाजूला वाळून भुरकट झालेल्या पाती लोंबतात, आत जून फुटवे दाटीवाटीने उभे असतात आणि मधला भाग मरून गेलेला असतो. अशा वेळी आणलेल्या पातीला वास कमी आणि वाळल्या गवताची चव जास्त. मग ‘आमच्या गवती चहाला वासच नाही’ अशी तक्रार होते आणि दोष मातीला, पाण्याला किंवा ज्यांच्याकडून रोप आणलं त्यांना दिला जातो. माझं म्हणणं असं की दोष बहुतेक वेळा यांपैकी कशाचाच नसतो. गवती चहा हे कापत राहण्यासाठी लावायचं गवत आहे. त्याचा सुगंध किती मिळणार हे लागवडीवर थोडं आणि कापणीवर फार अवलंबून असतं. उरलेलं पातेल्यापाशी ठरतं.

हे पटण्यासाठी आधी ही वनस्पती काय आहे ते नीट पाहायला हवं. नावात चहा असला तरी चहाच्या झुडपाशी तिचं काही नातं नाही. ज्वारी, मका आणि ऊस हे तिचे खरे भाऊबंद. त्यांच्याप्रमाणेच ती कडक उन्हाचा पुरेपूर वापर करून झपाट्याने वाढते. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन सिट्रॅटस. लंडनजवळच्या क्यू उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो श्टाप्फ यांनी १९०६ मध्ये भारत आणि सिलोनमधल्या तेलगवतांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि एकमेकांत मिसळलेल्या या सगळ्या गवतांची नीट वाटणी लावून दिली. आपल्या परसातलं हे गवत रानात आपोआप उगवलेलं सापडत नाही. ते माणसाने लावलेलंच दिसतं. त्याचं मूळ घर आग्नेय आशियात असावं असं मानतात. त्याला फुलोरा क्वचितच येतो, त्यामुळे बी जवळजवळ नाहीच. सगळी लागवड ठोंब फोडून, एकेक फुटवा मुळासकट लावून होते. म्हणजे शेजाऱ्यांनी दिलेला फुटवा आणि त्यांच्या दारातला ठोंब ही एकच वनस्पती असते. त्यांच्याकडे घमघमणारी पात आपल्याकडे बेचव झाली, तर रोपाला बोल लावण्यात अर्थ नाही.

गवत असण्याला आणखी एक महत्त्वाचा अर्थ आहे. झाडाझुडपांचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो, गवताचा जमिनीलगत. गाईगुरांनी वरचं सगळं खाल्लं तरी गवत पुन्हा वाढतं ते यामुळेच. गवती चहाचा एक फुटवा जमिनीपासून चार-सहा इंचांवर कापला आणि दोन-तीन दिवसांनी वाकून पाहिलं, की कापलेल्या गोल तोंडातून फिकट हिरवी सुरळी बोटभर वर आलेली दिसते. तिचं टोक सरळ छाटलेलं असतं, कारण विळ्याने कापलेलं तेच पान खालून ढकललं जाऊन वर येत असतं. त्याच्या मागोमाग येणारी पानं मात्र पूर्ण टोकदार असतात. बुडाशी उजेड पोहोचला की बाजूने नवे फुटवेही निघतात. कापणी म्हणजे या झाडाला इजा, असं वाटणं साहजिक आहे. आपण तुळशीचं पान तोडतानाही जपून तोडतो. पण गवताची घडणच पुन्हा पुन्हा कापलं जाण्यासाठी झालेली आहे. न कापलेला ठोंब आपल्याच जुन्या पानांच्या सावलीत गुदमरतो.

आता वासाकडे येऊ. गवती चहाच्या ठोंबाजवळून नुसतं चालत गेलं तर फारसा वास येत नाही. पात बोटांनी चुरगाळली की मात्र एकदम लिंबाचा दरवळ उठतो. याचं कारण पानाच्या आत आहे. १९९८ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी या पानाचे पातळ छेद घेऊन त्यांवर एक रंगद्रव्य टाकलं. सुगंधी तेलातला मुख्य घटक जिथे असेल तिथेच रंग चढेल असं ते द्रव्य होतं. रंग सगळीकडे पसरला नाही. पानाच्या वरच्या अंगाला, शिरांच्या मधोमध, सुट्या सुट्या काही पेशींमध्येच तो दिसला. म्हणजे तेल या ठरावीक पेशींत साठतं आणि त्या पेशींच्या भिंती जाड, लाकडी द्रव्याने कडक झालेल्या असतात. तुळशीचं किंवा पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं, म्हणून नुसता हात फिरवला तरी त्यांचा वास बोटांना लागतो. गवती चहाचं तसं नाही. त्याची पात अखंड ठेवून गरम पाण्यात सोडली तर बरंचसं तेल आतच कोंडून राहतं. पात कातरून, चुरगाळून किंवा पिळून गाठ मारून टाकण्याची आपल्याकडची रीत या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

त्या तेलातला मुख्य घटक म्हणजे सिट्राल. तेलाचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग त्याचाच असतो. खुद्द लिंबाच्या सालीच्या तेलात सिट्राल जेमतेम दोन ते पाच टक्के असतं, बाकी बहुतेक लिमोनिन. तरीही आपण ज्याला लिंबाचा वास म्हणतो तो मुख्यतः त्या थोड्याशा सिट्रालचा. गवती चहा लिंबापेक्षाही जास्त लिंबासारखा का वाटतो, ते यातून कळतं. जाता जाता सांगण्यासारखी एक गोष्ट. मधमाश्या आपल्या सोबतिणींना वाट दाखवण्यासाठी जो गंध सोडतात त्यातही सिट्राल असतं, आणि म्हणून भटकं मोहोळ रिकाम्या पेटीकडे ओढून आणण्यासाठी मधपाळ पेटीत गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकतात. मात्र पानात हे तेल फार थोडं असतं, ताज्या पानाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. इतकी थोडी पुंजी असल्यामुळे ती वाढवायची कशी आणि वाया जाऊ द्यायची नाही कशी, हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पानाच्या वयात आहे. लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या राष्ट्रीय संस्थेतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात गवती चहाच्या गोतातल्या गवतांची पानं वयानुसार वेगवेगळी करून तपासली. कोवळं, झपाट्याने वाढणारं पान तेल बनवण्यात सर्वांत पुढे असतं आणि पान जून होत गेलं की वजनाच्या मानाने तेलाचं प्रमाण उतरत जातं, असं त्यांना आढळलं. वनस्पती तेल बनवते ती पान उलगडण्याच्या काळात. पुढे त्या पानात तंतू वाढतात, सिलिका साठते, कडा हात कापण्याइतक्या धारदार होतात, पण तेलात त्या मानाने भर पडत नाही आणि असलेलंही हळूहळू कमी होतं. म्हणून फुटव्याच्या मधली सुरळी आणि तिच्या लगतची दोन-तीन उमललेली पानं ही आपल्या कामाची. नेमकं उलट आपण करतो. कडेची, हाताला सहज येणारी, लांबलचक पात ओढतो. ती त्या फुटव्याची सर्वांत जुनी पात असते. ठोंब वर्षभर न कापता ठेवला तर आत कोवळी पानं असतात, पण मूठभरच. बाकी सगळा जून माल. नियमित कापलेल्या ठोंबात सगळी पानंच कोवळी असतात. वास टिकवण्याची याहून सोपी युक्ती नाही.

यावर शेतीची माहिती असलेला कुणीही एक आक्षेप घेईल. तेलासाठी हे पीक घेणारे शेतकरी लागवडीनंतर पहिली कापणी तीन-चार महिन्यांनी करतात आणि पुढच्या कापण्या साधारण दोन-दोन महिन्यांनी. पान जितकं कोवळं तितकं बरं असेल तर ते इतके दिवस का थांबतात? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर हिशेबात आहे. शेतकऱ्याला एकरी तेल मोजायचं असतं. पानात तेलाचं प्रमाण थोडं उतरलं तरी पाल्याचं वजन त्याहून जास्त वाढत असेल तर थांबण्यात त्याचा फायदा असतो. शिवाय कापणीची मजुरी आणि भट्टीचं जळण दर खेपेला लागतं. स्वयंपाकघराचा हिशेब वेगळा. कपात पडणाऱ्या चार इंच पातीत वास किती, एवढंच इथे पाहायचं. म्हणून घरच्या ठोंबाला शेतापेक्षा थोडी लवकर कापणी मानवते. पण ‘लवकर’ला मर्यादा आहे. पानं हीच गवताची अन्न बनवण्याची जागा. दर आठवड्याला सगळा ठोंब भादरला तर मुळांतला साठा संपतो आणि फुटवे बारीक होत जातात. मला योग्य वाटतो तो मार्ग असा: ठोंबाचे मनाशी तीन भाग करायचे, दर दोन आठवड्यांनी एक भाग पूर्ण कापायचा. प्रत्येक भागाला सहा आठवडे मिळतात, उरलेले दोन भाग झाडाला पोसतात आणि घरात कोवळी पात कधी संपत नाही. थंडीत वाढ मंदावते तेव्हा हे अंतर वाढवावं. विळा लावताना खालचा पांढरट, घट्ट भाग सोडावा, कारण पुढची पानं त्यातूनच यायची असतात.

लागवडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण हे गवत सोशिक आहे. पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन फुटव्यांचा जुडगा, वरची पानं वीतभर ठेवून आणि मुळं छाटून लावला की महिन्याभरात धरतो. दोन ठोंबांत दोन फूट अंतर हवं. कुंडी असेल तर किमान चौदा इंची घ्यावी, लहान कुंडी वर्षभरात मुळांनी गच्च भरते. ऊन मात्र भरपूर लागतं. दिवसाचे पाच-सहा तास तरी. झाडाखालच्या सावलीत वाढलेली पात लांब आणि हिरवीगार दिसते, पण लुळी असते आणि तिला वास कमी असतो. दर कापणीनंतर बुडाशी ओंजळभर शेणखत किंवा गांडूळखत द्यावं, कारण आपण दर वेळी तिथून काहीतरी उचलून नेत असतो.

मोरीच्या पाण्याचं काय, असं विचारलं जाईल. पिढ्यान्‌पिढ्या गवती चहा त्याच पाण्यावर वाढला आहे. खरं आहे, पण तेव्हाच्या मोरीत राख, शिकेकाई आणि भांड्यांचं खरकटं पाणी असे. आज त्यात कपड्यांच्या पावडरी आणि फरशी पुसण्याची रसायनं असतात, आणि चहा उकळल्याने जंतू मरतील पण रसायनं जाणार नाहीत. शिवाय सतत चिखलात उभा असलेला ठोंब बुडाशी कुजतो आणि दाट, ओल्या पानांवर तांबेरा लवकर येतो. पानाच्या खालच्या अंगाला तपकिरी पुरळ दिसलं तर सगळा ठोंब खालपासून कापून ती पानं दूर नेऊन टाकावीत; नवी फूट बहुतेक स्वच्छ येते. रोगावरही पहिला उपाय कापणीच.

आता दुसरा प्रश्न, वाया जाण्याचा. इथे आपली चूक मोठी आहे आणि ती रोज होते. सिट्राल शुद्ध स्वरूपात सुमारे २२९ अंश सेल्सियसला उकळतं. पाणी १०० अंशांना. तेव्हा पाणी उकळताना सिट्राल पातेल्यातच राहायला हवं, असं वाटेल. पण पाणी आणि तेल एकमेकांत न विरघळता एकत्र तापतात तेव्हा दोघांच्या वाफेचा दाब एकत्र मोजला जातो, आणि १०० अंशांच्या आतच पाण्याच्या वाफेबरोबर तेलही उडू लागतं. सुगंधी तेलं काढण्याची जगभरची पद्धत याच नियमावर उभी आहे: गवत वाफेत शिजवायचं, ती वाफ थंड नळीतून न्यायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल उचलून घ्यायचं. उघड्या पातेल्यात पात दहा मिनिटं खळखळा उकळणं म्हणजे हेच सगळं करणं, फक्त शेवटी तेल धरायला भांडं न ठेवणं. घरभर चहाचा घमघमाट सुटला की आपल्याला बरं वाटतं. तो घमघमाट कपातून गेलेला असतो.

तेल काढण्याच्या या विद्येत खानदेश एकेकाळी फार पुढे होता, हे आज फारसं आठवलं जात नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात रोशा गवत माजतं. ते गवती चहाच्याच गोतातलं, पण त्याच्या तेलाला गुलाबाच्या जवळ जाणारा वास असतो. एकोणिसाव्या शतकात ओढ्याकाठी, पाण्याच्या सोयीने, भट्ट्या लावून हे तेल काढलं जाई, मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई आणि तिथून बल्गेरियाच्या महागड्या गुलाबतेलात भेसळ म्हणून मिसळलं जाई. युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरेनियम तेल असं नाव पडलं होतं, इतकं त्याचं खानदेशी मूळ पुसलं गेलं. दक्षिणेत केरळात गवती चहाच्या दुसऱ्या एका जातीचं तेल निघे आणि ते कोचीन बंदराच्या नावाने ओळखलं जाई. १८९३ मध्ये जर्मनीतल्या टीमान आणि क्र्युगर या रसायनशास्त्रज्ञांनी सिट्रालपासून आयोनोन बनवलं आणि त्याला चक्क व्हायोलेट फुलांचा वास निघाला. अत्तरांच्या धंद्याला त्याने नवं दार उघडलं. १९४७ मध्ये त्याच आयोनोनपासून स्वित्झर्लंडमध्ये अ जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या तयार झालं. केरळातल्या ओडक्काली इथे १९५१ मध्ये या गवताच्या संशोधनाचं केंद्र उभं राहिलं ते या मागणीच्या काळात. पुढे खनिज तेलापासून सिट्राल बनू लागलं आणि गवताच्या तेलाची ती मक्तेदारी संपली. पण जी वस्तू मिळवण्यासाठी इतक्या भट्ट्या पेटल्या तीच आपण सकाळ-संध्याकाळ छताकडे पाठवतो, याचं वाईट वाटायला हवं.

मग पात घालावी कधी? दुधाचा चहा असेल तर पाणी, आलं, साखर, पावडर हे सगळं नेहमीसारखं उकळू द्यावं. दूध घातल्यावर शेवटची उकळी आली की कात्रीने बारीक कातरलेली पात टाकावी, लगेच गॅस बंद करावा आणि घट्ट झाकण ठेवून चार-पाच मिनिटं मुरू द्यावं. झाकणाच्या आत जमलेले वाफेचे थेंब पातेल्यातच पाडावेत. तेल त्यांच्याबरोबर आलेलं असतं. दुधातली स्निग्धता हे तेल धरून ठेवते, त्यामुळे नाकाला वास थोडा कमी जाणवतो आणि घोट गिळल्यावर मागाहून येतो. साईच्या दुधाला म्हणूनच पात जरा जास्त लागते. बिनदुधाचा काढा असेल तर उकळतं पाणी पातीवर ओतून झाकण ठेवणं पुरेसं. कुणी म्हणेल, लहानपणापासून उकळलेलाच चहा प्यालो आणि तो छान लागायचा. लागत असेलच, मूठभर पात घातली तर निम्मी उडून गेली तरी उरते. पण फार उकळल्याने सिट्राल जातं आणि गवताचा हिरवट, किंचित कडवट अर्क उतरतो. ज्यांना ती चव हवी आहे त्यांनी बुडाकडचे जाड तुकडे आधी उकळावेत आणि पात शेवटी टाकावी. दोन्ही साधतं.

ताजी पात बारा महिने मिळते तर वाळवायची कशाला, हा माझा पक्ष. तरी वाळवायची झालीच तर सावलीत, पातळ पसरून वाळवावी आणि काचेच्या बरणीत अंधारात ठेवावी. उन्हात तापवली तर वाळेपर्यंत तेलाचा मोठा भाग उडून जातो. बाजारात मिळणाऱ्या वाळलेल्या तुकड्यांना सिट्राल पूर्ण नसतं असं नाही, पण ती पात केव्हा आणि कुठे वाळवली हे आपल्याला कळत नाही, आणि हवा व उजेड लागला की तेल बिघडत जातं. चिरलेली पात डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवणं त्यापेक्षा बरं. आम्लातही सिट्राल टिकत नाही. गवती चहाच्या गुळाच्या सरबतात लिंबू पिळून ते चार-आठ दिवस साठवलं तर ताजा वास जाऊन औषधी झाक येते. लिंबू पिताना पिळावं.

चहापलीकडे आपण या पातीचा उपयोग फारच थोडा केला. थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया इथे स्वयंपाकात पात गौण आणि खालचा पांढरा दांडा मुख्य. तो ठेचून रश्श्यात टाकतात किंवा वाटणात घेतात. त्यासाठी फुटवा बुडापासून काढावा लागतो, म्हणजे तो फुटवा संपतो. आपली पात कापण्याची रीत झाडाला राखणारी आहे आणि घरच्या एखाद्या ठोंबाला तीच परवडते. पण पातीची गाठ मारून ती भात निवताना वर ठेवली, नारळाच्या दुधाच्या सारात शेवटी सोडली किंवा माशाच्या पातळ रश्श्यात दोन मिनिटं बुडवून काढली तर वाढताना काढून टाकायलाही सोपी जाते. पातीचे तुकडे खायचे मात्र नाहीत, तंतू आणि सिलिकामुळे ते घशाला बोचतात. परदेशातल्या मराठी घरांना आशियाई दुकानांत हेच दांडे मिळतात. बूड शाबूत असलेला दांडा पेलाभर पाण्यात उभा ठेवला की सहसा दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही, तेव्हा हिवाळ्यात कुंडी घरात खिडकीशी घ्यावी लागते.

या गवताभोवती काही समजुती आहेत, त्यांचा निकाल लावायला हवा. दारात ठोंब असला की डास येत नाहीत, असं सांगून रोपं विकली जातात. डास पळवण्यासाठी नावाजलेलं तेल सिट्रोनेलाचं. तेही याच गोतातलं, पण वेगळं गवत, आणि त्यातले घटक वेगळे. शिवाय तेल काढून अंगाला लावणं आणि झाड उभं असणं यात फरक आहे: पेशींत कोंडलेलं तेल पान मोडल्याशिवाय बाहेर येत नाही, तेव्हा अखंड ठोंबाला डास का भ्यावेत? हेच सिट्रोनेला कधी कधी गवती चहा म्हणून हाती पडतं. पात चुरगाळून हुंगावी. स्वच्छ लिंबाचा वास आला तर ठीक, साबणासारखा उग्र वास आला तर ते रोप घेऊ नये. आपल्या ठोंबाला दरवर्षी तुरे येऊ लागले तरी जात वेगळी असण्याची शंका घ्यावी. ठोंबात साप राहतात ही भीती मात्र अगदीच निराधार नाही. वाळल्या पानांच्या ढिगात उंदीर आसरा घेतात आणि उंदरामागे साप येऊ शकतो. पण तो दोष न कापलेल्या ठोंबाचा. बुडापर्यंत उजेड जाणाऱ्या, साफ ठोंबात लपायला जागा नसते.

औषधी गुणांबद्दल अधिक सावध राहायला हवं. २००५ मध्ये इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर सिट्राल टाकलं आणि त्या पेशी मेल्या, असं प्रसिद्ध केलं. लागलेलं प्रमाण कपभर काढ्यातल्या सिट्रालाइतकं होतं, हे वाचून लोकांनी भलत्याच आशा बांधल्या आणि त्या बातमीचे उतारे आजही मोबाईलवर फिरतात. पण काचेच्या थाळीतल्या पेशींना जे सिट्राल थेट मिळतं, ते प्यालेल्या काढ्यातून पोट, यकृत आणि रक्त यांमधून जाऊन गाठीपर्यंत तसंच पोहोचत नाही. कर्करोगाच्या रुग्णाने उपचार सोडून यावर विसंबणं जिवावर बेतेल. सर्दीत गरम काढ्याने घसा मोकळा होतो, पोटाला बरं वाटतं, एवढं पुरे आहे. त्यासाठी चमत्काराची गरज नाही. बाटलीतलं शुद्ध तेल तर पोटात घेऊच नये. एका थेंबात कितीतरी पातींचा अर्क असतो आणि सिट्रालने काहींच्या त्वचेला पुरळ येतं.

इतकं करूनही तीन-चार वर्षांनी ठोंब थकतो. मधले फुटवे मरतात, नवे बाहेरच्या बाजूला सरकत जातात आणि बुंधे जमिनीच्या वर उचलले जातात. तेव्हा पावसाच्या तोंडाशी सगळा ठोंब कुदळीने उपटून काढावा. मधला वाळका भाग टाकून द्यावा आणि कडेचे जाड, पांढरट बुडाचे फुटवे निवडून, मुळं बोटभर आणि पानं वीतभर ठेवून, जागा बदलून लावावेत. एका ठोंबातून पंचवीस-तीस फुटवे सहज निघतात, घरी तीन-चार पुरतात, बाकीचे शेजारीपाजारी द्यावेत. देताना किती पाणी घालायचं ते सांगितलं नाही तरी चालेल, पण पहिली कापणी तीन महिन्यांनी करायची हे आवर्जून सांगावं. जुन्या ठोंबाच्या वाळलेल्या पाती नव्या लागवडीच्या बुडाशी जाड पसरल्या तर तण दबतं आणि पावसाची उघडीप पडली तरी ओल टिकते.